पाणचक्की आणि आमच्या मायबाईचं जातं



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली म्हणून हा अंक निघतो आहे. समितीच्या मंडळींनी आम्हाला सांगितलं, महाराज, तुम्ही काही जुनं लिहा. वीणेकऱ्यांचं कोणी लिहिलं, मुक्कामाच्या गावांचं कोणी लिहिलं. आम्ही म्हटलं, आम्ही पिठाचं लिहितो. मंडळी हसली. पण दिंडीत शंभर माणूस पंगतीला बसलं की आधी काय लागते? टाळ मागून लागते, पीठ आधी लागते. ते पीठ कोण दळत होतं, कशानं दळत होतं, त्यालाही इतिहास आहे. आमची शाळा चौथीपर्यंतची. पंडितासारखं लिहिणं जमणार नाही. डोळ्यानं पाहिलेलं आणि जाणत्याकडून ऐकून ताडून घेतलेलं, तेवढं लिहितो.

नवेगावात पाण्याला तोटा नाही, पण पाण्यावर चालणारं जातं आम्ही पहिल्यांदा पाहिलं ते औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात. आपली काही मंडळी नाथषष्ठीला पैठणला निघाली होती. संभाजीनगरापासून पैठण पन्नास किलोमीटर. मध्ये अर्धा दिवस मोकळा होता. कोणी म्हणे देवगिरी पाहू, कारण नाथ महाराजांचे गुरू जनार्दनस्वामी त्याच किल्ल्यावर राहिले. किल्ला चढायला म्हाताऱ्या बाया तयार नव्हत्या. मग रिक्षावाल्यानं पाणचक्कीला नेऊन सोडलं. बायांचं नशीब म्हणा, कारण तिथून परत निघायला त्याच तयार नव्हत्या.

आधी त्या शहराचं थोडं सांगतो, नाहीतर चक्कीचं पाणी कुठून आलं ते समजणार नाही. मलिक अंबर म्हणून निजामशाहीचा वजीर होता. मूळचा हबशी, आफ्रिकेत जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे आख्खं राज्य सांभाळणारा. त्यानं १६१० साली खडकी गावाजवळ शहर वसवलं. जमीन खडकाळ, नावातच खडक. तिथं शहर बसवायचं तर पाणी पाहिजे. त्यानं डोंगराच्या पायथ्याचं जमिनीतलं पाणी गोळा करून जमिनीखालूनच उतारानं शहरात आणलं. ह्याला नहर म्हणतात. पुढे औरंगजेबाच्या नावानं शहराचं औरंगाबाद झालं. शहर वाढलं तसे आणखी नहर झाले. त्यातलाच एक पाणचक्कीचा नहर.

खाम नदीच्या काठाला, महमूद दरवाजापाशी, बाबा शाह मुसाफिर ह्या सूफी साधूची दर्गा आहे. हे बुखाऱ्याकडून आलेले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश. मुसाफिर म्हणजे वाटसरू. नावातच चालणं आहे, आपल्यासारखं. त्यांच्या ठिकाणी फकीर यायचे, प्रवासी यायचे, शिकणारी पोरं राहायची. आल्यागेल्याला जेवू घालायचं, हा तिथला नेम. माणसं वाढली तसं पीठ कमी पडू लागलं असंल, हे सांगायला पोथी लागत नाही. ज्यानं सप्ताहाचा भंडारा केला आहे त्याला माहीत आहे. तेव्हा औरंगजेबाच्या शेवटच्या काळात आणि त्याच्या मागून निजामाच्या पहिल्या काळात हे सगळं उभं राहिलं: नहर, चक्की, हौद, कारंजी. तुर्कताज खान आणि जमील बेग खान ह्या दोन सरदारांची नावं त्या कामाशी जोडलेली आहेत.

आता ती चालते कशी, ते नीट सांगतो. आम्ही तिथं तासभर उभं राहून पाहिलं.

शहराच्या उत्तरेला डोंगर आहे. दोन-तीन कोसांवरून तिथलं झऱ्याचं पाणी भाजलेल्या मातीच्या नळांतून जमिनीखालून येते. वाटेत दगडाचे उभे खांब बांधलेले, आतून पोकळ. पाणी एका अंगानं वर चढते, दुसऱ्या अंगानं उतरते. तिथं हवा निघून जाते, गाळ खाली बसते, आणि पाण्याचा जोर राहते. वर चढलेलं पाणी आपोआप कसं चढलं, असं आमच्यातल्या एकानं विचारलं. कास्तकारानं हे विचारू नये. जिथून पाणी निघालं ती जागा उंच असली तर बंद नळातलं पाणी त्याच उंचीच्या आसपास पुन्हा चढते. पाण्याला आपलं घर आठवते म्हणा.

शेवटी ते पाणी चक्कीच्या जागी उंचावरून खाली सोडलेलं आहे. खाली एक चाक आहे. सिनेमात दिसते तसं बैलगाडीच्या चाकासारखं उभं नाही, कुंभाराच्या चाकासारखं निजलेलं. त्याला पाती आहेत. पाण्याची धार पात्यांवर आदळली की चाक गरगर फिरते. चाकाच्या मधोमध लोखंडी दांडा उभा आहे. तो खालच्या दगडाच्या छेदातून वर येऊन वरच्या दगडाला धरते. खालचा दगड जागचा हलत नाही, वरचा फिरते. म्हणजे बघा, आपल्या घरचंच जातं ते. खालची तळी स्थिर, वरची फिरती, मधल्या तोंडात दाणे, कडेनं पीठ. फरक इतकाच की आपल्या जात्याला वरून खुंटा आहे आणि त्याला माणसाचा हात लागते. त्या जात्याला खालून दांडा आहे आणि त्याला पाणी लागते.

चाक फिरवून झालं की ते पाणी वाया जात नाही, हे आम्हाला फार आवडलं. मोठा हौद आहे, कारंजी आहेत. आणि हौदाच्या खाली दालन आहे. हौदाचा तळ तेच दालनाचं छत. वरती पाणी, खाली माणसं. उन्हाळ्यात येणारा जाणारा तिथं थंड राहायचा. बाजूला वडाचं फार जुनं झाड आहे. एकाच पाण्यानं दळलं, गारवा दिला, तहान भागवली.

आज त्या चक्कीवर कोणाच्या पंगतीचं पीठ होत नाही. लोक तिकीट काढून पाहतात, फोटो काढतात. शहर डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलं, नहराच्या वाटेवर घरं आली, पाण्याचा जोर पहिल्यासारखा राहिला नाही. ह्याचा दोष कोणाला देण्यात अर्थ नाही. आपल्या बोड्यांचंही आपण काय केलं ते आपल्याला ठाऊक आहे.

तशीच चक्की आम्ही नंतर आणखी एकदा पाहिली, पण जिवंत. चारधामला गेलो तेव्हा उत्तराखंडात, डोंगराच्या ओढ्यावर. तिकडे तिला घराट म्हणतात. दगड-मातीची लहान खोली, खाली निजलेलं चाक, वर दोन दगड. औरंगाबादची बादशाही थाटाची आणि ही गरिबाची, पण आतली रचना एकच. दाण्याच्या टोपल्याला एक लाकडाची काडी बांधलेली असते, ती फिरत्या दगडाला टेकून टकटक टकटक वाजते. त्या धक्क्यानं दाणे थोडे थोडे पडतात. दगड जोरात फिरला तर दाणे जास्त, हळू फिरला तर कमी. कोणी बसून टाकायला नको. दळणाचा पैसा नाही, चक्कीवाला पिठातला वाटा ठेवून घेते. आमच्या मृदंगाचार्यांनी त्या टकटकीवर मांडीवर ठेका धरला, आणि आमची बस चुकता चुकता राहिली.

आता आपल्या गावाकडे येतो.

ज्या काळात औरंगाबादेत चक्कीचा नहर खोदला जात होता, त्याच सुमाराला इकडे आपल्या झाडीत कोलू पाटील कोहळी यांनी नवेगावचा बांध घातला. तीनशे वर्षांच्या आसपासची गोष्ट. भोवती सातबहिणीचे डोंगर, मधल्या खिंडी पाळ घालून अडवल्या, आणि एवढा दर्या तयार झाला. कोहळी समाजाची ही विद्याच. भंडारा, गोंदिया, चांदा, जिथं जाल तिथं त्यांचे तलाव. गोंडराजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमीन मिळायची, म्हणून गावोगाव पाळी पडल्या. पुढे मालगुजारी आली, १९५० नंतर ती गेली आणि ह्याच तलावांना कागदावर माजी मालगुजारी तलाव नाव पडलं. कागदाला काही म्हणू द्या. कोलू पाटलाला आपण कोलासूर देव म्हणून नारळ फोडतो. पाणी अडवणाऱ्या माणसाला देव करणारं गाव आहे आपलं.

मग प्रश्न पडते. एवढं पाणी होतं, एवढी विद्या होती, मग आपल्याकडे कोणी पाण्याचं जातं का नाही बसवलं? हा प्रश्न आम्हाला पैठणच्या वाटेवर गाडीत एका मायबाईनं विचारला. सत्तरीच्या वरची. तिच्या तळहाताला खुंट्याचे घट्टे अजून आहेत. ती म्हणाली, "महाराज, आपल्या तऱ्यात तं एवढं पानी हाय. मंग आमाले हातानं काऊन दरा लागलं?"

कीर्तनात आम्हाला कोणी असं अडवत नाही. उत्तर द्यायला आम्हाला पुष्कळ दिवस लागले.

एक कारण पाण्याचंच आहे. चक्कीला बारा महिने वाहतं आणि उंचावरून पडतं पाणी लागते. हिमालयात ओढा सदाचा उतरते. औरंगाबादेत डोंगराचा झरा नळात कोंडून त्याची उंची राखली. आपला तलाव म्हणजे थांबलेलं पाणी. ते सोडायचं ते धानासाठी, आणि तेही धान मागेल तेव्हा. भादव्यात पावसानं दगा दिला, धान पोटरीवर आलं, म्हणजे पाळीवर माणसं रात्र रात्र बसायची. पाणकर पाणी वाटायचा, एका बांधीतून दुसऱ्या बांधीत. एका घमेल्यावरून भांडणं झालेली आम्ही पाहिली आहेत. तिथं चाक फिरवायला पाणी सोडा म्हणायची कोणाची छाती होती? पाळीचा पाटही सपाटीनं जाते, मोठी उडी त्याला नाही.

दुसरं कारण धान्याचं. आपण भात खाणारे. गव्हाच्या, ज्वारीच्या मुलखात रोज पीठ लागते. आपल्याकडे आधी धान कांडायचं. त्याला ढेकी, उखळ, मुसळ. जातं लागायचं ते लाखोरीची डाळ भरडायला, तांदळाचं पीठ करायला, बेसनाला. आणि दिंडीच्या आधी मात्र रात्रंदिवस, कारण वाटेवर भात शिजवायला नेहमी सवड नसते, भाकरी-पोळी बांधून घेता येते.

ही दोन कारणं खरी आहेत. पण ह्यांच्यावर आम्ही थांबलो असतो तर त्या मायबाईला अर्धंच उत्तर मिळालं असतं. तिसरं कारण असं की दळणाचा त्रास ज्यांना होता त्या पाळीवर बसून निर्णय करत नव्हत्या. पुरुषाला धानाची तहान दिसली, कारण धान त्याचं. बाईचा खांदा दिसला नाही, कारण खांदा फुकट होता. फुकटच्या गोष्टीसाठी कोणी नहर खोदत नाही. औरंगाबादेत तरी खोदला तो बायांसाठी नव्हता. तिथं एकाच जागी शेकड्यानं माणूस जेवणार होतं, म्हणून खोदला. त्याच शहरातल्या घराघरांत बाया पहाटे उठून हातानंच दळत राहिल्या.

आमच्या दिंडीतले एक कॉलेजात शिकवणारे गृहस्थ आहेत. त्यांनी सांगितलं की ग्रीस देशात दोन हजार वर्षांपूर्वी एका कवीनं पाणचक्कीवर कविता केली, आणि त्यात दळणाऱ्या बायांना आता विसावा मिळाला ह्याचाच आनंद आहे. इतक्या दूरच्या माणसालाही चक्की पाहून आधी बाईच आठवली. आपल्या संतांचं काय सांगावं! गंगाखेडची जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळत होती, आणि पांडुरंग येऊन जात्याला हात लावत होता, ही कथा आम्ही दरवर्षी लावतो. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचं जातं दाखवतात, आपण सगळे तिथं डोकं टेकवून येतो. आता ह्या कथेकडे जरा वेगळं बघा. देवानं जनाबाईसाठी पाण्याचं चाक बसवलं नाही. तो स्वतः खुंट्याला लागला. खुंटा दोघांनी धरला की जातं हलकं जाते, हे जिनं दळलं तिलाच माहीत असते. ही कथा कोण्या पुरुषाच्या डोक्यातून निघाली नसावी असं आम्हाला वाटते. पहाटे एकटीनं दळणाऱ्या बाईलाच दुसरा हात पाहिजे होता.

आणि त्या हातासाठीच ओवी झाली. आमची आजी कोंबडा आरवायच्या आधी बसायची. एक पायली व्हायला उजाडायचं. जात्याची घरघर, मध्ये बांगड्यांचा आवाज, आणि तिची ओवी. माहेर, भाऊ, सीतामाई, पंढरी, सगळं त्यात. ज्ञानोबारायांनी ग्रंथ सांगितला तोही ओवीतच. पुण्याच्या हेमाताई राईरकर आणि गी पॉइतवँ ह्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत बायांना भेटून एक लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या. एक लाख! एवढी रचना कोण्या एका पंडिताच्या नावावर दाखवा. आणि ती करणाऱ्या बहुतेक बायांना अक्षर येत नव्हतं.

पाण्याच्या चक्कीवर ओवी नाही, ती टकटक आहे. म्हणून काही लोक म्हणतात, यंत्र आलं आणि ओवी गेली, वाईट झालं. हे बोलणारे बहुतेक न दळलेले असतात. आमच्या लहानपणी इंजिनाची चक्की आली. डब्यातून पुक-पुक आवाज दोन गावं ऐकू जायचा. धान कांडायला हलर आला. त्या गाडीतल्या मायबाईला आम्ही विचारलं, ओव्या गेल्या ह्याचं वाईट वाटते का? ती म्हणाली, "ओव्या गेल्या तं गेल्या बापू, खांदे तं वाचले."

तिचं बरोबर आहे. तरी एक गोष्ट तिनंच मग सांगितली. गावात दोन-चार निराधार बाया होत्या, कोणाचा नवरा मेलेला, कोणाचा सोडून गेलेला. दळण-कांडण करून त्यांनी लेकरं वाढवली. इंजिन आलं त्या वर्षी त्यांचं काम एकदम बसलं. एक रोवण्याच्या मजुरीला लागली, एक माहेरी गेली. चक्कीनं गावच्या बायांचे खांदे वाचवले आणि ह्या बायांचं पोट घेतलं, दोन्ही एकाच दिवशी. घराटवाला पिठातला वाटा ठेवते तसा त्यांचाही वाटा असायचा, शेर-मापटं. तो चक्कीवाल्याकडे गेला.

आता दिंडीचं. दिंडीची जुनी चोपडी आम्ही ह्या लेखासाठी काढून पाहिली. वाळवीनं कडा खाल्ल्या आहेत, अक्षर मोडीवळणाचं आहे, एका जाणत्याकडून वाचून घेतलं. तांदूळ कोणी दिला ते नावानिशी आहे. लाखोरी, तेल, गूळ, मीठ, बैलगाडी, कंदिलाचं घासलेट, सगळ्याला नाव आहे. पिठाच्या पुढे फक्त माप आहे. कोणी दळलं ते एकाही पानावर नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट असंल असं आम्ही म्हणत नाही. पाऊस पडला तर कोणी त्याचं नाव लिहून ठेवत नाही, तसं त्याला ते वाटलं असंल.

पण म्हाताऱ्या बायांना आठवते. आषाढीच्या आधी दिंडीचं दळण घरोघर वाटून दिलं जायचं. रात्री तीन-चार जणी एका घरी जमायच्या, एका जात्याला दोघी समोरासमोर, बाकीच्या पाखडायला. त्या पिठाला विटाळाचं फार जपायचं, वरून चाळायचं, आणि पहिली मूठ देवापुढे. दिंडी गेल्यावर त्यातल्या बहुतेक घरीच राहायच्या, कारण रोवणं अंगावर असायचं. त्यांचं पीठ पंढरीला पोचायचं, त्या नाही. आम्ही विचारून विचारून अकरा नावं जमा केली. काहींचं नावच सापडत नाही, अमक्याची माय, तमक्याची सून, एवढंच कळते. त्यातल्या तिघी आज हयात आहेत.

ती अकरा नावं इथं आम्ही मुद्दाम छापायला दिली नाहीत. आधी त्यांच्या घरच्यांना विचारायचं आहे. समितीला विनंती केली, ती त्यांनी मान्य केली, की अंकाच्या शेवटी दोन पानं कोरी सोडावीत. ज्या घरच्या आजीनं, मायनं, काकूनं दिंडीचं पीठ दळलं असंल, त्या घरच्यांनी आपल्या हातानं तिचं नाव तिथं लिहावं. लिहिता येत नसंल तर एकादशीला मंदिरात या. आम्ही पेन घेऊन बसलेले राहू.